निळ्या चोचीचं बदक

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी दर वर्षी माझ्याकडे एकच लेख मागितला जातो आणि दर वर्षी मी दुसराच देतो. ‘काका, तुमच्या त्या बक्षीसवाल्या बदकाची हकीकत लिहा ना,’ असं म्हणतात, आणि मी चिल्का सरोवर लिहून देतो, भरतपूर लिहून देतो. एका वर्षी तर घरच्या गच्चीवरच्या कबुतरांवर चार पानं लिहिली. कबुतरांनी तसं लिहिण्यासारखं काहीही केलेलं नव्हतं. पण हिंगोलीकडचं ते बदक टाळायचं होतं.

मोहरील साहेब, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, होते तोवर त्यांची भीड होती. आता ते नाहीत म्हणून याला कंठ फुटला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे, त्यात तथ्य आहे. दुसरं कारण असं की गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा तिकडे जाऊन आलो, आणि ज्या कामासाठी गेलो ते न करताच आलो.

ज्यांनी तो फोटो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुकं, राखाडी पाणी, आणि पाण्यावर एकटं बदक. चोच गडद निळी, मान हळदीसारखी पिवळी, पंखावर गुलाबी पट्टा. खाली पाण्यात तेच सगळं उलटं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. तेव्हा एवढं नक्की सांगतो, की फोटो उत्तम आहे. त्यातल्या बदकाबद्दल मात्र बोलायचं राहिलं आहे.

कनेरगाव नाका

अकोल्याहून आम्ही सहा जण निघालो. सगळे निवृत्त, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्याच्या वकुबाबाहेरची लेन्स. पक्ष्यांनी आपल्याला झाड समजावं म्हणून आम्ही डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घालतो. पक्ष्यांचं माहीत नाही, माणसं मात्र कधीच फसत नाहीत. वाशीम सोडून कनेरगाव नाक्यावर धाब्यासमोर उतरलो, तर गल्ल्यावरचा माणूस उठून उभाच राहिला.

“कोन्या फौजेतले म्हणायचे तुमी?”

“पक्षी बघायला आलोय,” मोहरील साहेब म्हणाले.

“धरून राहिले का मारून राहिले?”

“नुसते बघतो. फोटो काढतो.”

“अन् मंग?”

“मग काय? घरी जातो.”

“अन् मंग?”

पाटबंधारे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. त्यांनी चहा मागवला. माणूस आत जाता जाता पोऱ्याला नाही, स्वतःलाच सांगावं तसं म्हणाला, “येवढं डिझेल जाळून!”

तिथे सुशीला खाल्ली. आमच्या अकोल्यात मुरमुऱ्याला चिवड्यापलीकडे भवितव्य नाही. इथे तो भिजवून, पिळून, हिरव्या मिरचीच्या फोडणीत टाकतात, वर शेंगदाण्याचा कूट. पहिल्या घासाला मी नाक मुरडलं आणि दुसरी बशी मागवली. आमच्यातले देवकर, पोस्टातून निवृत्त झालेले, तिसरीवर गेले. देवकर सरळ माणूस. त्यांना भूक लागली की ते खातात आणि शंका आली की बोलतात. मंडळात त्यांना फारसं कोणी मोजत नसे.

आखाडा बाळापूर

खरं तर आम्ही निघालो होतो इसापूरच्या धरणावर. हिवाळ्यात तिथे दूरदूरची बदकं उतरतात. पण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातलं एक मंडळ तिथे जाऊन फोटो छापूनही मोकळं झालं होतं. पक्षिप्रेमात शेजाऱ्याचं बदक आपल्या बदकाहून मोठं दिसणं यासारखं दुःख नाही. मोहरील साहेब गाडीभर तेच छापील फोटो उघडून बघत होते.

बाळापूरचा बाजार भरला होता. हळदीची पोती, मिरच्या, बैलांच्या वेसणी, आणि या सगळ्यांतून हॉर्न वाजवत जाणारे ट्रक. एका अंडीवाल्याकडे मोहरील साहेबांनी सहज चौकशी केली, आसपास पाणी कुठे, पाखरं कुठे. तो म्हणाला, “तांड्याच्या तळ्यावर जा ना. रंगीत बदकं हायेत तिथं.”

“रंगीत म्हणजे?”

“म्हंजे रंगीत! निळ्या चोचीचे, लाल चोचीचे.”

साहेबांनी माझा दंड धरला. निळ्या चोचीचं बदक पुस्तकात आहे, पण निळ्या-लाल चोचींचं असं नाही. “बोलू नका कोणाशी,” ते कुजबुजले. त्या अंडीवाल्याकडे ती अंडी कुठून येतात, एवढंच विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

तांड्याचं तळं

तांड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे पुन्हा कोणी गळ्यात लेन्स अडकवून जावं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही बंधाऱ्यावर पोटावर पालथे पडलो. धुकं होतं. आणि ती आली. तळ्याच्या या टोकाला निळ्या चोचीची, त्या टोकाला लाल चोचीची. मोहरील साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, त्यावर मी हसणार नाही.

“निळे ते नर,” ते म्हणाले. “लाल त्या माद्या. वेगवेगळे राहतात. विणीचा हंगाम नाही.”

देवकरांना शंका आली. “साहेब, हे पळत कसे नाहीत हो? आपल्याकडेच येऊन राहिले.”

“सायबेरियातल्या पक्ष्याला माणूस माहीत नसतो, देवकर. भीती शिकावी लागते.”

“मग ह्यांनी पॅक-पॅक कुठून शिकलं? आमच्या मामाच्या बदकासारखंच ओरडतात.”

“तुमच्या मामाचं बदक यांच्याकडून शिकलं असेल.”

सगळे हसले. मीही. हसता हसता बटण दाबलं. तोच तो फोटो.

दुपारी माझ्याकडचं पाणी संपलं. बाकीचे झाडाखाली डबे उघडून बसले होते. मी तांड्यात गेलो. तांडा ओस. घरोघरची तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं उन्हाला बसलेली. एका अंगणात एक बाई, वय माझ्याएवढं असेल, मांडीत बदक दाबून बसली होती. दंडापर्यंत बलोयांच्या पांढऱ्या बांगड्या, समोर डबडं, हातात ब्रश. ती त्याच्या निळ्या चोचीला रंगाचा नवा हात देत होती.

मी बघतच राहिलो. तिला वाटलं, मला रंग आवडला.

“पोळ्याचा हाय,” ती म्हणाली. “बैलाच्या शिंगाचा. उरला व्हता तं म्हन्लं कामी येईन. बसा. पानी पायजे का?”

“बदकाला कशाला?”

“मंग वळखू कसे? जावेचे बी हायेत ना. तळं येकच. तिचे लाल, माहे निळे. आधी रोज भांडन. अंडं कोन्हाचं, पिल्लू कोन्हाचं. आता चोच पाह्यली की झालं.”

“आणि पंखाला गुलाबी?”

“ते शेळ्याचं. समद्याच जित्राबाला लावतो आमी.”

“मान पिवळी?”

“कुत्र्यानं धरली व्हती ह्याची. हळद भरली म्या.” तिने त्या बदकाच्या मानेवर बोट फिरवलं. माझ्या सायबेरियन नराच्या मानेवर. “तुमी कोन?”

“मी शाळेत गुरुजी होतो. चित्रकलेचा.”

“हाव का? मंग बरं झालं!” तिने ब्रश माझ्या हातात दिला. “ह्या ब्रसाचे केस गळून राहिले. धरा, नीट लावून द्या एखांद्याला.”

मी एका बदकाची चोच रंगवली. कडेने नीट, आत भरीव, वाहू न देता. नोकरीत मला कधी मिळाली नाही एवढी दाद मिळाली. तिचं नाव धुरपताबाई. तिने मला ज्वारीची भाकरी आणि बदकाच्या अंड्याचा पोळा खाऊ घातला. वर तिखट इतकं, की डोळ्यांतून पाणी वाहिलं. बाळापूरच्या बाजारात ही अंडी दम्याला म्हणून विकली जातात आणि घरचं तेलमीठ त्यातून निघतं, हे तिनेच सांगितलं. मग थाळी वाजवली, ‘आव, आव, आव’ अशी हाळी दिली, आणि तळ्यावरचे सगळे निळे नर माना पुढे काढून डुलत डुलत अंगणात आले. पलीकडून जाऊ तिच्यावर काहीतरी ओरडली. त्यांच्या बोलीतलं मला एक अक्षर कळलं नाही, पण अर्थ कळला. ही जास्त वाजवते, मग माझीही हिच्याकडे जातात.

परत निघालो तेव्हा मी ठरवलं होतं, की सगळ्यांना हसवायचं. गाडीपाशी पोचलो तर मोहरील साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते, “मध्य भारतातली पहिली नोंद. फोटो आमच्या गुरुजींनी काढलाय. अप्रतिम!” त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मला आयुष्यात साहेब माणसाने हात जोडलेले नव्हते.

संध्याकाळी सांगू, म्हटलं. संध्याकाळी ते भाषण करत होते.

प्रदर्शन

पुढचं अकोल्यात घडलं, पण सांगायला हवं. फोटो दारभर मोठा करून मंडळाच्या प्रदर्शनात लावला. पहिलं बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात छापून आला. एवढा मोठा केल्यावर चोचीवर एक काळा केस चिकटलेला स्पष्ट दिसत होता. धुरपताबाईंच्या ब्रशचा. आता कोणीतरी ओरडेल म्हणून मी कोपऱ्यात उभा राहिलो. लोक येत, फोटोसमोर थांबत, मान हलवत. मोहरील साहेब छडीने केस दाखवत आणि सांगत, “चोचीवरचा हा एकांडा तंतू फक्त प्रौढ नरात आढळतो.” लोक वाकून बघत. एका बाईंनी तर मुलाला उचलून दाखवला.

बायकोने मला नवी शाल घेतली. व्याही मंडळी बघायला आली. मी कोपऱ्यातून हळूहळू फोटोच्या जवळ सरकलो आणि शेवटी त्याच्या शेजारीच उभा राहिलो.

पुन्हा तांडा, आणि धरण

हिवाळा संपता संपता बातमी आली, की तांड्यातली एक बाई ही दुर्मीळ बदकं पकडून ठेवते आणि अंडी बाजारात विकते. मोहरील साहेब पेटले. “वाचवलीच पाहिजेत!” जाळीच्या पेट्या आल्या, हातमोजे आले, फलकही आला. मी येत नाही म्हणालो, तर साहेब म्हणाले, “गुरुजी, तुमच्याशिवाय? तुमची बदकं!”

तांडा तसाच ओस होता. ऊसतोडीची माणसं परतली नव्हती. परतली असती तर आमचं पक्षिप्रेम तळ्यात पोहलं असतं. साहेबांनी धुरपताबाईंना कायदा ऐकवला. वन्य पक्षी पाळणं गुन्हा आहे, तुरुंग होतो. तिला आधी हसू आलं.

“जंगली? साहेब, कोंबडीखाली उबवले म्या ते!”

“खोटं बोलू नका बाई.”

“खोटं काहून बोलू? शिंगाचा रंग हाय तो!” जाऊ धावत आली. ज्यांनी एकमेकींची बदकं ओळखू यावीत म्हणून चोची रंगवल्या, त्या दोघी आता एका तोंडाने बोलत होत्या. “माहे लाल, हिचे निळे. इचारा कोन्हालाबी.”

“कोणाला विचारू? गावात आहे कोण?”

तेव्हा धुरपताबाईंनी मला पाहिलं. चेहरा एकदम मोकळा झाला.

“हे काय, गुरुजी हायेत ना! ह्यायला इचारा. ह्यायच्या समोर रंगोला म्या. येक तं ह्यायनंच रंगोलं, माह्यापक्षा झ्याक. सांगा ना हो गुरुजी.”

सगळे माझ्याकडे वळले. मोहरील साहेबांची भुवई वर गेली. रागाने नाही, विनोद ऐकल्यासारखी. मला शाल आठवली. व्याही आठवले. फोटोशेजारी उभा असलेला मी आठवलो.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. काळजी आली. एखाद्याला भोवळ आल्यावर बघतात तशी.

पेट्या भरल्या. धरायला कष्ट पडले नाहीत. बदकं स्वतःहून पायात येत होती. देवकरांचे तळवे गुलाबी झाले. “साहेब, रंग जाऊन राहिला हो,” ते म्हणाले. साहेब म्हणाले, “भीतीने रंगद्रव्य सुटतं.” देवकरांनी तळवे मला दाखवले. मी खिशातून रुमाल काढून त्यांना दिला.

इसापूरच्या पाण्याला पलीकडचा काठ दिसत नव्हता. फलक धरून फोटो झाले, तेही मीच काढले. पेट्या उघडल्या, टाळ्या वाजल्या. बदकं पाण्यात उतरली, जरा आत गेली, आणि वळून आमच्याकडेच बघत तरंगत राहिली. “उडा!” मोहरील साहेब ओरडले. “जा, मुक्त आहात!” त्यांच्यातलं एकही आजवर अंगणाच्या कुडावरून उडालेलं नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी जेवणाच्या डब्याचं झाकण दगडावर ठेवलं. स्टीलचा आवाज झाला, आणि निळी-लाल सगळी बदकं माना पुढे काढून, ओरडत, काठाकडे आली. माझ्या बुटांपाशी.

मग आमच्या मंडळाने त्यांना खडे मारले. स्वातंत्र्यासाठी. आत जावीत म्हणून.

निघालो तेव्हा ती पुन्हा काठावर येऊन बसली होती. मासेमाऱ्यांच्या झोपडीपाशी सावलीत पडलेली कुत्री उठून आळस देत होती. देवकरांनी गाडीतून मागे वळून पाहिलं. मी काच वर केली. पुढच्या महिन्यात त्यांनी मंडळ सोडलं.

गेल्या हिवाळ्यात

मोहरील साहेबांच्या शोकसभेत तो फोटो त्यांच्या तसबिरीशेजारी लावला होता. वक्ते त्या एकांड्या तंतूबद्दल बोलले. घरी आलो आणि ठरवलं, की जायचं.

एकटाच एसटीने निघालो. वाशीमच्या बाजारात बदकांची एक जोडी घेतली, टोपलीत घातली, वर फडकं बांधलं. आख्खा कळप आपण बुडवला आणि भरपाई म्हणून जोडी नेतोय, हे मला कळत होतं. कंडक्टर म्हणाला, “काका, हे पार्सल धरू का पाव्हणे?” बदकं बसभर बोलत होती, मी तोंडातल्या तोंडात एक वाक्य घोकत होतो. कनेरगाव नाक्यावर बस थांबली. सुशीला होती. खाल्ली नाही.

तांडा तसाच होता, अर्धा कुलपात. धुरपताबाई त्याच अंगणात, उन्हात. पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि माझी दाढी वाढलेली. तिने हाताचा आडोसा करून पाहिलं.

“कोन हाय? बदकं आनले का? आवाज येऊन राहिला.”

“हो. तुम्हाला द्यायला आणलीत.”

“इकायला आला का बाबा? नको. एकडाव व्हते आमच्यापाशी. आता न्हाई ठेवत.”

“पैसे नकोत. अशीच ठेवा.”

“फुकट दिलं तरी नको. बदकं ठेवले की फोटोवाले येतेत.” ती हसली. दात थोडे उरले होते, पण हसू तसंच. “जाऊ बी गेली कुरुंद्याला, लेकीकडं. आता कोन्हासंगं भांडू? बसा, चहा ठेवते.”

मी बसलो. गुळाचा चहा आला. टोपली दोघांच्या मध्ये. मी घसा खाकरला, घोकलेलं वाक्य जिभेवर आणलं, आणि तीच बोलायला लागली.

“लई जन आले व्हते. कायदा सांगत व्हते. त्यायच्यात येक गुरुजी व्हता. चांगला मानूस. माह्या हातची भाकर खाल्ली त्यानं, चोच रंगून दिली. पन बिचाऱ्याच्या ध्यानातच राह्यलं न्हाई. मी सांगू राहिले, अन् तो नुसता बघून राहिला. डोस्क्यातून गेलं असंन. मला लई वाईट वाटलं बाबा त्याचं. उतारवयात व्हतं तसं.”

तळ्यावरून वारा आला. फडक्याखाली बदकांनी कलकल केली. तिने ऐकलं, हात टोपलीकडे नेला, आणि मागे घेतला.

“तुमच्यापाशी कॅमेरा न्हाई ना?” तिने विचारलं.

तो माझ्या पिशवीत होता. का घेतला होता ते विचारू नका, सवय.

“नाही,” मी म्हणालो.

चहा संपवला. टोपली उचलली. ती म्हणाली, “तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यावानी वाटते,” आणि मी ‘येतो’ असं पुटपुटून, आवाज जितका बदलता येईल तितका बदलून, निघालो.

जोडी आता अकोल्यात माझ्या मागच्या अंगणात आहे. शेजारी तक्रार करतात, बायको बोलत नाही, आणि कोणी ताट ठेवलं की दोघं धावत येतात. त्यांच्या चोची पिवळ्या आहेत. मी काही लावलेलं नाही.

मंडळाने हा लेख छापला तर फोटोखालची ओळ बदलावी. पाळीव बदक, रंग पोळ्याचा. नाही छापला तरी माझी तक्रार नाही. तसंही धुरपताबाईंना वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारी माणसं उसात असतात. एसटीत घोकलेलं वाक्य मोठं नव्हतं. त्यात ‘माफ करा’ हे शब्दही नव्हते. ते पुढे, जमलं तर, म्हणायचे होते. आधी फक्त एवढंच सांगायचं होतं:

धुरपताबाई, मला आठवत होतं.